टिंडलच्या बाटलीवरची लक्षणं

कॅनडातल्या रेजिना शहरातल्या आम्हा मराठी लोकांत दीनानाथ डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. तोंडाला नाही, असंही सगळेच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी इथे प्रॅक्टिस केली, पण कुणाशी दोन वाक्यं गोड बोलल्याचं ऐकिवात नाही. काय होतंय, जीभ दाखवा, गोळ्या घ्या, चला. एवढ्यावर माणसं बरी व्हायची, म्हणून कुणी तक्रार करत नसे.

त्यांचा एक नियम तर आमच्यात प्रसिद्धच होता. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणायचं आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं. दवाखाना तेवढा याला अपवाद. तिथे पुन्हा यायची पाळी येऊ नये म्हणून पेशंटनं 'येतो' म्हणायचं नाही आणि डॉक्टरनं 'या' म्हणायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण जिभेचं वळण जातं थोडंच? माझे यजमान रवींद्र एकदा तपासून घेऊन निघताना चुकून 'येतो डॉक्टर' म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना दारातून परत बोलावलं, 'जातो' म्हणायला लावलं, आणि मगच सोडलं. बाहेर बसलेल्या गोऱ्या पेशंटांना वाटलं, यांचं आत भांडण झालं.

ही सवय त्यांच्या इतकी हाडीमाशी खिळली होती की घरी आलेल्या पाहुण्यांनाही ते 'या' म्हणत नसत. ते काम त्यांच्या बायकोचं, नीलिमाताईंचं. दारात उभ्या राहून त्या दोघांच्या वाटचं 'या, या हं, नक्की या' म्हणायच्या आणि आपली गाडी वळणापर्यंत गेली तरी हात हलवत राहायच्या. नीलिमाताई गेल्या. त्याच्या आधी दोन वर्षं माझे रवींद्र गेले होते. तेव्हापासून डॉक्टरांच्या दारात 'या' म्हणणारं कुणी राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे जाणारंही.

मग २०१७ साल आलं. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून जिकडेतिकडे लाल झेंडे आणि सरकारी पैसा. शहराबाहेर, कॅनोलाच्या शेतांच्या मध्ये एक हेरिटेज व्हिलेज आहे. जुनी शाळा, जुनं चर्च, लोहाराचं दुकान असं सगळं कुठून कुठून उचलून आणून तिथे मांडलंय. त्यांनी त्या पैशातून १८९० सालचं केमिस्टचं दुकान उभं केलं आणि जुन्या औषधांबद्दल बोलायला रिटायर्ड डॉक्टर पाहिजे म्हणून लायब्ररीत नोटीस लावली. आमचे डॉक्टर गेले. अफूचे दुष्परिणाम या विषयावर त्यांनी स्लाइडसुद्धा तयार केल्या होत्या. तिथली मुख्य बाई डार्लीन. तिनं स्लाइड बाजूला ठेवल्या आणि डॉक्टरांच्या हातात एक उंच काळी टोपी दिली.

मी यात आले ती ड्रायव्हर म्हणून. डॉक्टरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांच्या मुलीनं, गौरांगीनं, एडमंटनहून फोनवर हायवेबंदी जाहीर केली होती. "काकू, तुम्ही बाबांना राइड द्याल का? फक्त सॅटर्डेज. ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत." माझंही ऐकत नाहीत, पण मी राइड देते म्हटलं. शनिवारी मला तरी काय होतं? शनिवारी काय आणि मंगळवारी काय.

तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांचं आणि डार्लीनचं वाजलं. डार्लीनला हवा होता औषधवाला. त्या काळी गावोगाव घोडागाडीवर उभं राहून बाटल्या विकत फिरायचे तसला. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, त्यातला प्रकार. डॉक्टर म्हणाले, "बट धिस इज फ्रॉड!"

"एक्झॅक्टली!" डार्लीन खूश होऊन म्हणाली.

तिनं आम्हाला समजावून सांगितलं. व्हिक्टोरिया राणीच्या त्या काळात बाटलीत काय आहे हे सांगायचं बंधन कुणावर नव्हतं. अर्धी दारू, किंचित अफू, उरलेला साखरेचा पाक, आणि वर दाढीवाल्या डॉक्टरचं चित्र. वर्तमानपत्रात बातम्या कमी आणि या बाटल्यांच्या जाहिराती जास्त. त्यात बायकांची पत्रं छापलेली असायची. अमक्या गावच्या तमक्या बाई लिहितात, सात डॉक्टरांनी हात टेकले होते, तुमच्या तीन बाटल्यांत मी उठून गाईची धार काढायला लागले. आमची बाटली होती 'डॉक्टर टिंडल्स गोल्डन रेस्टोरेटिव्ह'. असा कुणी टिंडल कधी नव्हता. डार्लीननं जुन्या जाहिरातींचे तुकडे जोडून तो तयार केला होता, आणि बाटलीत होता कोरा चहा.

डॉक्टरांनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले. मला गाडीत म्हणाले, "लोकांना फसवतात कसं ते दाखवणं हेही वैद्यकीय शिक्षणच आहे, वहिनी." मी म्हटलं, आहे ना. त्यांना टोपी आवडली होती, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. खेळाच्या शेवटी औषधवाल्यानं टोपी काढून 'कम अगेन, फोक्स!' म्हणायचं होतं. डॉक्टर म्हणाले, ते मी म्हणणार नाही. डॉक्टरनं असं म्हणायचं नसतं.

"बट यू आर नॉट अ डॉक्टर हिअर. यू आर अ क्वॅक," डार्लीन म्हणाली. क्वॅक म्हणजे भोंदू वैद्य.

"द हॅट इज अ क्वॅक," डॉक्टर म्हणाले. "आय ॲम अ डॉक्टर."

शेवटी 'गुड डे' वर तडजोड झाली.

खेळात टिंडलच्या औषधानं बरी झालेली एक बाईही हवी होती. त्यासाठी ठेवलेल्या कॉलेजच्या मुलीला दुसरीकडे जॉब लागला, आणि मी झाडाखाली शब्दकोडं सोडवत रिकामी बसलेली डार्लीनच्या नजरेस पडले. मला त्या काळच्या बायकांची फितीची टोपी, मानेला टोचणारं एक बॉनेट मिळालं आणि मी झाले मूस जॉ नावाच्या इथल्याच गावच्या मिसेस ॲगनेस पर्ल. वय एकाहत्तर, रंग सांगलीचा. एका प्रवासी बाईनं मला विचारलंच, "बट व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?" मी म्हटलं, "मूस जॉ." डॉक्टरांना मिशीतल्या मिशीत हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खेळ असा असायचा. डॉक्टर खोक्यावर उभे राहून बाटलीवरची लक्षणं एकेक करून वाचायचे, इंग्रजीत, गडगडाटी आवाजात. तुम्हाला सकाळी उठताना अंग शिशासारखं जड वाटतं का? मी गर्दीतून ओरडायचे, "येस!" एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो का? "येस!" बसल्या जागी उसासे येतात का? "येस!" दारावर कुणी थाप मारल्याचा भास होतो का? "ओ, येस!" आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला विनाकारण रडू येतं का? इथे मी रुमाल डोळ्याला लावायचे आणि लोक हसायचे. मग मी एक घोट घ्यायचे, बॉनेट सावरायचे, गिरकी घ्यायचे आणि टाळ्या.

पहिल्यांदा ती लक्षणं ऐकली तेव्हा मला काही वाटलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी वाटायला लागलं. मी डार्लीनला विचारलं, हे प्रश्न तू लिहिलेस का? ती म्हणाली, "नो, नो, दोज आर रिअल." शब्द इकडचे तिकडचे, पण सगळं जुन्या जाहिरातींतलं. इथे शेतावर राहणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं. नवरा दिवसभर बाहेर, शेजारीण मैलोन्‌मैल लांब, हिवाळाभर वारा. डॉक्टर मिळाला तर तो म्हणायचा, बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. मग त्या बाटली मागवायच्या.

परतताना गाडीत डॉक्टर तावातावानं म्हणाले, "हरामखोर होते लेकाचे. आधी आजार विकायचा, मग औषध. धडधाकट बाईला सांगायचं, तुला काहीतरी झालंय."

मी स्टिअरिंग धरून समोर बघत म्हटलं, "निदान विचारत तरी होते, डॉक्टर."

पुढच्या शनिवारी तो शेवटचा प्रश्न त्यांनी जरा हळू आवाजात वाचला. डार्लीननं नंतर त्यांना सांगितलं, लाउडर प्लीज.

त्या गाडीतल्या गप्पांबद्दल मी सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या गप्पांपायीच घडलं. जो माणूस क्लिनिकमध्ये कधी तीन वाक्यं सलग बोलला नाही त्याचं तोंड माझ्या गाडीत सुटायचं. मला वाटतं, दोघंही समोर रस्त्याकडे बघत असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून. नागपूरचा उन्हाळा, मेडिकल कॉलेजच्या मेसमधली पातळ डाळ, इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात हिमवादळात एका शेतघरात अडकून केलेलं बाळंतपण. मी सांगलीच्या नदीचं सांगायचे, रवींद्रच्या घोरण्याचं सांगायचे. भरीत वऱ्हाडात चांगलं होतं की आमच्याकडे यावर एकदा आम्ही इतके भांडलो की माझी हायवेवरची एक्झिट चुकली. त्या दिवशी घरी आल्यावर मी एकटीच हसत होते, आणि मग हसता हसता लक्षात आलं की मी इतकं मोठ्यानं बोलले त्याला किती काळ लोटला होता.

सप्टेंबरातल्या लेबर डेला सीझन संपला. डार्लीननं निरोपादाखल डॉक्टरांना ती टोपी दिली आणि मला टिंडलची बाटली. मी डॉक्टरांना त्यांच्या घरी सोडलं. ते उतरले, 'थँक्यू वहिनी' म्हणाले आणि टोपी काखेत धरून आत गेले. शनिवार संपले.

मला भीती वाटली. मोठ्या शब्दांत सांगण्यासारखं काही नाही, साधी भीती. आता थंडी पडेल, दारं बंद होतील, आणि मार्च-एप्रिलपर्यंत माझ्याशी समोर बसून मराठीत कुणी बोलणार नाही. माझा मुलगा तनय वॉटर्लूला असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो. "आई, ऑल गुड? फर्नेस सर्व्हिस करून घेतलीस? विंटर टायर्स लावलेस? शोव्हल तू नको करू हं, कुणालातरी हायर कर." माझ्यापेक्षा घर तापवणाऱ्या माझ्या फर्नेसच्या तब्येतीची त्याला जास्त काळजी. मग नात फोनवर येते. "हाय आजी, लव्ह यू, बाय." पोरं वाईट नाहीत. पण टिंडलनं विचारलेला एकही प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढं आहे तर जावं की डॉक्टरांकडे चहाला! म्हणणाऱ्याचं काय जातं? आपल्यात असं उठून कुणाकडे जाता येत नाही. कारण लागतं. त्यातून मी विधवा, ते विधुर. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चाळीस माणसं जमतात आणि ऐंशी डोळे. आणि लोकांचं एक वेळ सोडा. त्यांनी दार उघडून 'काय होतंय' असं विचारलं तर मी काय सांगणार होते?

आधी मी डब्याचा उपाय केला. भरीत केलं, स्टीलच्या डब्यात भरलं आणि त्यांच्याकडे देऊन आले. दारातच दिलं, थांबले नाही. हिशेब सरळ होता. डबा परत द्यायला ते येतील. रिकामा द्यायचा नाही म्हणून काहीतरी घालून आणतील. मग मी चहा ठेवीन. दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर डबा पायरीवर. लख्ख घासलेला, आत बिस्किटांचा पुडा, झाकणावर चिकटवलेला पिवळा कागद, 'थँक्यू'. बेलसुद्धा वाजवली नव्हती. मी त्या डब्यावर इतकी चिडले की दिवसभर तो कपाटात ठेवला नाही.

मग मला सुचलं की डॉक्टरकडे जायला जगात एकच कारण कुणाला खटकत नाही. आजार.

मी फोन केला. "डॉक्टर, अलीकडे जरा धाप लागते." अगदीच खोटं नव्हतं. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करताना कुणाला लागत नाही?

"माझं आता लायसन्स नाही," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज वॉक-इन क्लिनिकला जा. छातीत दुखलं तर नाइन-वन-वन." फोन ठेवला. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. म्हणे हाताला गुण!

गेले क्लिनिकला. न जाऊन सांगते कुणाला? तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं कॉम्प्युटरकडे बघत मला धापेविषयी विचारलं, रक्त काढायला लावलं, छातीची ईसीजीची पट्टी काढायला लावली. आठवड्यानं सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "यू आर इन ग्रेट शेप फॉर युअर एज!" तो म्हणाला. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि मला रडू आलं. तब्येत ठणठणीत निघाली म्हणून रडणारी आमच्या सस्कॅचेवान प्रांतातली मी एकटीच बाई असेन.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. एका डॉक्टरचे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय आपल्या माणसांचा जीव थाऱ्यावर येतो का? नाही येत. हे तर राजमान्य कारण. नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते, उणे अठ्ठावीस तापमान, गाडीचा हीटर गरम होईपर्यंत मी त्यांच्या दारात पोचलेसुद्धा.

डॉक्टरांनी दार उघडलं. "काय होतंय?"

"रिपोर्ट आणलेत."

घरात शिरल्या शिरल्या मला कळलं की इथे बऱ्याच दिवसांत कुणी आलेलं नाही. खुंटीवर नीलिमाताईंचा निळा कोट होता, त्याच्या शेजारी ती काळी टोपी. जेवायच्या टेबलाशी एकच खुर्ची मोकळी, बाकीच्यांवर जुनी वर्तमानपत्रं. त्यांनी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलला आणि कुठे ठेवावा हे न कळून तो धरून तसेच उभे राहिले. शेवटी मीच घेतला आणि जमिनीवर ठेवला.

त्यांनी रिपोर्ट वाचले. चष्मा वर, चष्मा खाली, एकेक आकडा बोटानं. किती वेळ वाचत होते कोण जाणे. परीक्षेत सोपा पेपर आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. पण रिपोर्ट तो रिपोर्ट, केव्हातरी संपणारच. त्यांनी कागद नीट जुळवले, माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "उत्तम आहे. काही झालेलं नाही तुम्हाला."

आता उठायचं. मला उठवेना. खिडकीबाहेर साडेचारलाच दिवस मावळत आला होता, आणि घरी जाऊन मला एकटीला दिवे लावायचे होते. मी म्हटलं, "पण डॉक्टर, सकाळी उठताना अंग जड वाटतं."

"कसं जड?"

"शिशासारखं." तोंडून गेलं खरं. सुचलं ते बोलले. "आणि स्वयंपाक करावासा वाटत नाही. एकटीसाठी कुठे पेटवायचं म्हणून."

डॉक्टर खुर्चीत पुढे वाकले.

"आणि उसासे येतात. बसल्या जागी."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अख्खा उन्हाळा हीच लक्षणं याच क्रमानं या माणसानं खोक्यावर उभं राहून वाचली होती, आणि मी त्यांनाच ती ऐकवत होते. चोरानं पोलिसालाच मुद्देमाल विकायला न्यावा तसं झालं. माझे कान तापले. बॉनेट नसताना लाज जास्त वाटते.

आता ओरडतील म्हणून मी पर्स जवळ घेतली. पण ते ओरडले नाहीत. टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत त्यांनी विचारलं, मराठीत, अगदी हळू. "दारावर कुणी थाप मारल्याचा भास होतो?"

मी म्हटलं, "हो."

"कधी?"

"रोजच. तुम्हाला?"

मिठाची बरणी सरळ करत ते म्हणाले, "मी उठून दार उघडून बघतो."

खोलीत अंधार होत चालला होता आणि दिवा दोघांनीही लावला नव्हता. शेवटचं लक्षण राहिलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी खोटं बोलायला आले होते, आणि त्या बाटलीवरचं एकूणएक माझं खरं निघालं होतं. त्यांचंही. मला फार वाईट वाटलं, माझ्यासाठी कमी आणि त्या उघडून बघितलेल्या दारासाठी जास्त.

मग ते एकदम खुर्चीत ताठ झाले. क्लिनिकमध्ये व्हायचे तसे. "याच्यावर माझ्याकडे औषध नाही, वहिनी."

"टिंडलकडे होतं," मी म्हटलं.

"त्यात दारू होती."

झालं. संपलं. आता मात्र मला राग आला. एवढं समजून घेतलं आणि शेवटी आपलं 'त्यात दारू होती'! मी रिपोर्ट पर्समध्ये कोंबले आणि उठले. इथे रागानं ताडकन निघूनही जाता येत नाही. बूट चढवा, कोट घाला, मफलर गुंडाळा, हातमोजे शोधा. हे सगळं होईपर्यंत राग निम्म्यावर आला आणि उरलं नुसतं वाईट वाटणं. डॉक्टर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते.

मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "येते."

"वहिनी," डॉक्टर लगेच म्हणाले, "डॉक्टरकडून निघताना येते म्हणत नाहीत."

"माहितीये मला," मी म्हटलं. "मी डॉक्टरकडे आलेच नव्हते."

दार उघडंच होतं. घरातली ऊब भसाभस बाहेर चालली होती आणि फर्नेस गुरगुरायला लागला होता. डॉक्टरांचं तोंड किंचित उघडलं. मी थांबले. शेजारच्या घराचा पोर्चचा दिवा लागला. मी आणखी थांबले, माझ्या वयाच्या बाईनं थांबावं त्याहून जरा जास्तच. मग डॉक्टरांचं तोंड मिटलं.

मी पायऱ्या उतरले. घसरू नये म्हणून कठडा धरून, एकेक. मागे दार लागल्याचा आवाज आला.

गाडीत बसले, इंजिन चालू केलं. काच आतून पांढरी झाली होती. ती साफ होईपर्यंत बसून राहणं भाग होतं, आणि त्यांच्या ड्राइव्ह-वेवर असं बसून राहणं मला नको झालं होतं. घरी गेल्यावर दिवे लावायचे, टीव्ही लावायचा, डाळ-तांदूळ एकत्र कुकरला लावायचे. उद्या रविवार, तनयचा फोन. त्याला सांगायचं, रिपोर्ट नॉर्मल. तो म्हणेल, ऑसम. दिवा लावायच्या वेळचं ते लक्षण मी गाडीतच पुरं केलं. रुमाल न लावता.

काचेवर टकटक झाली. मला पहिल्यांदा वाटलं, भास.

काच खाली केली. डॉक्टर उभे होते. अंगात घरातलाच स्वेटर, पायात सपाता, आणि डोक्यावर ती उंच काळी टोपी. खुंटीवर हाताला आली ती घालून बाहेर पडले असणार. श्वासाच्या वाफेनं चष्मा पांढरा झालेला. मला दिसत होतं की त्यांना काहीतरी म्हणायचंय आणि ते नरड्याशी अडकलंय. चाळीस वर्षांत एकदाही ते तिथून बाहेर आलं नव्हतं.

"रिपोर्ट राहिले का माझे?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग दोन्ही हातांनी टोपी काढली आणि छातीशी धरली. उणे अठ्ठावीसमध्ये त्यांचं ते उघडं टक्कल, त्यावर भुरभुरणारा बर्फ, आणि दात वाजत असलेले.

"या," डॉक्टर म्हणाले.

एवढंच म्हणाले. आणि तिथेच उभे राहिले, मी पुढे काही तपासून सांगणार असल्यासारखे.

"आधी आत व्हा!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ती टोपी घाला डोक्यावर! न्यूमोनिया झाला तर मी कुठून औषध आणू? येते म्हटलंय ना मी!"